मोंबासाकाकूंचा चहा

मोंबासाकाकूंकडे कोणीही कधीही गेलं तरी चहा मिळायचा. अट एकच होती. जमिनीच्या कुठल्याही तुकड्याला 'रिकामी' म्हणायचं नाही. खुर्ची रिकामी असू शकते, बरणी रिकामी असू शकते, माझं डोकं तर काकूंच्या मते बहुतेक वेळा रिकामंच असायचं. जमीन मात्र नाही. आमचा पोस्टमन बिचारा नवीन होता. पडवीत टेकता टेकता तो म्हणाला, "काकू, मागे एवढी जागा रिकामी पडलीय, हापूसची दोन कलमं लावा की!" काकूंनी उकळत आलेला चहा त्याच्यादेखत चुलीवरून उतरवला आणि वर झाकण ठेवलं. पोस्टमनला कागदावर सही मिळाली, चहा मिळाला नाही. पुढच्या खेपेला तो परसाकडे पाठ करून बसला आणि फक्त हवापाण्याबद्दल बोलला. तेव्हा कुठे त्याच्या हातात कप आला.

त्यांना मोंबासाकाकू म्हणत, ते त्यांना मुळीच मान्य नव्हतं. "मी मोंबासाची नाय रे मेल्या, मोंबासात नुसती बोटीत बसल्ये," असं त्या आयुष्यभर सांगत राहिल्या. त्यांचं बालपण केनियातल्या आतल्या, थंड डोंगराळ मुलखात गेलं होतं. तिथे तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि त्यांचे वडील इंग्रजांच्या मोजणी कचेरीत नकाशे काढायला होते. सतराव्या वर्षी लग्न ठरलं म्हणून काकू बोटीने मुंबईला आणि तिथून आमच्या वाडीत आल्या. वर काळ्या कातळाचं उघडं पठार, म्हणजे आमचा सडा, आणि खाली आमची वाडी. वाडीला त्यांच्या तिकडच्या गावाचं नाव काही उच्चारता येईना, मोंबासा तेवढं जमलं. झालं, तेच चिकटलं. काका पोस्टात होते. मूलबाळ नव्हतं. माझं घर त्यांच्या परसाच्या दगडी गडग्याला लागून, त्यामुळे त्यांचा प्रेमाचा आणि रागाचा पहिला मारा झेलायची जबाबदारी माझ्यावर असे.

काकूंचं परसू बघून परका माणूस गोंधळायचा. रांग म्हणून कुठे दिसायची नाही. एका खड्ड्यात मका, त्याच्यावर चढलेला वाल आणि बुंध्याशी पसरलेला भोपळा, तिघे एकत्र. या सगळ्याला त्या 'शांबा' म्हणत, म्हणजे तिकडच्या बोलीत शेत. "काकू, ह्याला जरा शिस्त लावा," असं मी एकदा म्हणालो. त्यावर त्यांनी मला खाली वाकायला लावलं. मका वालाला आधार देतो, वाल जमिनीला बळ देतो, भोपळ्याची पानं ऊन अडवतात आणि खालची ओल टिकते, हे त्यांनी मला शाळेतल्या पोराला समजवावं तसं समजावलं. वर म्हणाल्या, "शिस्त हाय रे. तुला दिसत नाय एवढंच." आणि परसाचा एक कोपरा त्या तशाच ठेवत. तिथे गवत माजायचं, सरडे फिरायचे. दर तीन वर्षांनी कोपरा बदलायचा. "तो आता झोपलाय, त्याला उठवू नको," म्हणायच्या.

त्यांचा वालसुद्धा निराळा होता. दाणा काळाकुळकुळीत आणि कडेला पांढरी रेघ. माझ्या मुलीचा जन्म झाला तेव्हा काकू त्या काळ्या वालाची उसळ भरून भलं मोठं पातेलं घेऊन दारात हजर. तिकडे बाळंतिणीला हेच देतात म्हणे. आमच्या आईच्या पायाखालची जमीन सरकली. वाल! बाळंतिणीला! कोकणातल्या कुठल्याही सासूला विचारा, वाल म्हणजे वातूळ, तिने बाळंतिणीच्या खोलीत वालाचं नावसुद्धा काढू दिलं नसतं. पण काकूंना तोंडावर नाही कोण म्हणणार? आईने हसून पातेलं घेतलं आणि सरळ माझ्यापुढे ठेवलं. तीन दिवस मी दोन्ही वेळा तीच उसळ खात होतो. बाळंतीण ही आणि अंगात ताकद आली माझ्या. चौथ्या दिवशी काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं, "हिला मानवली ना रे उसळ?" मी म्हणालो, "उत्तम मानवली." पुढे पुष्कळ वर्षांनी हिने मला सांगितलं की आई देवळात गेली की ही हळूच स्वयंपाकघरात येऊन त्याच पातेल्यातली उसळ खायची. म्हणजे काकूंचं म्हणणं खरं होतं का, ते आमच्या घरात आजतागायत ठरलेलं नाही.

हे सगळं त्यांना शिकवलं होतं वांबुईने. कचेरीच्या वसाहतीला लागून वांबुईच्या घरच्यांचं शेत होतं आणि ती काकूंच्या आईकडे रताळी, भाजी घेऊन यायची. काकूंची आई मराठीत बोलायची, वांबुई तिच्या भाषेत, आणि रताळ्यांच्या आकारावरून दोघींचं भांडण अगदी व्यवस्थित व्हायचं. आठ-नऊ वर्षांच्या काकू दिवसभर वांबुईच्या मागे. कुठलं तण उगवलं की जमीन थकली समजायचं, कुठलं उगवलं की ती पुन्हा पेरायला तयार झाली, हे वांबुईला पुस्तकाशिवाय पाठ होतं. एकदा काकूंनी गवत माजलेल्या शेताकडे बोट दाखवून विचारलं, हे असं सोडून का दिलंय? वांबुई म्हणाली, "सोडलेलं नाही. झोपलंय. झोपलेल्या माणसाचं घर कोणी रिकामं म्हणतं का?" हे वाक्य काकू आधी तिकडच्या भाषेत म्हणून दाखवत आणि मग मराठीत. तिकडच्या भाषेत म्हणताना त्यांचा आवाज वेगळाच, लहान मुलीसारखा व्हायचा.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात गाढवपणा माझा आहे. मी मोजणीदार. उभा जन्म लोकांच्या बांधावर उभं राहून हद्दी दाखवण्यात गेला. माझी रेघ सरळ असते असं सगळं खातं म्हणायचं आणि मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? वीसेक वर्षांपूर्वी पंचायतीने ठरवलं की वरच्या सड्यावर आंब्याची बाग करायची. सुरुंग लावून कातळात खड्डे करायचे, डंपरने माती आणून टाकायची, मधली डबकी भरून सगळं सपाट करायचं. सरकारी दप्तरात सडा म्हणजे पोटखराबा, लागवडीला नालायक. त्याचं सोनं होणार म्हणून सगळे खूश होते. सरपंच मला म्हणाले, "भाऊ, गावचा माणूस म्हणून तेवढा नकाशा काढून द्या. तुमच्यासारखी रेघ कोणाची नाही." एवढं पुरेसं होतं. दोन रविवार खपून मी नकाशा काढला. वाडी हिरवी, रस्ता तांबडा आणि सडा छान पिवळा. पिवळ्याच्या मध्यभागी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'रिकामी जागा'.

आणि तो नकाशा घेऊन मी कौतुक करून घ्यायला काकूंकडेच गेलो. इतक्या वर्षांचा शेजार, त्यांची अट मला पाठ, पण माणूस आपल्या अक्षराच्या प्रेमात असला की आंधळा होतो. काकू चष्मा लावून नकाशावर वाकल्या. चुलीवर चहाचं आधण होतं. त्या उठल्या, आधण उतरवलं, झाकण ठेवलं आणि आत गेल्या. मला वाटलं आता काठी घेऊन येतात. आल्या त्या पत्र्याची चपटी पेटी घेऊन.

पेटी त्यांच्या वडिलांची होती. आत नकाशाच्या रंगांच्या वड्या, आपापल्या खणात. हिरवी अर्धी शिल्लक, निळी तशीच, तांबडी थोडी झिजलेली. पिवळ्या वडीच्या खणात मात्र फक्त तळाचा पत्रा दिसत होता.

"ह्या पिवळ्याचा काय झाला, विचार ना," काकू म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सांगितलं. साहेब मोजणीला जायचा, जिथे नांगरट दिसली नाही ती जागा रिकामी म्हणून टिपायचा, आणि वडील कचेरीत बसून ती पिवळी रंगवायचे. पिवळा म्हणजे मालक नाही, द्यायला मोकळी. गोऱ्या लोकांना शेतं वाटायची होती, त्यामुळे पिवळा रंग पुष्कळ लागायचा. एका वर्षी वांबुईच्या शेताला तारेचं कुंपण पडलं. त्या वर्षी शेत झोपलेलं होतं. वडील कुंपणाजवळ गेले, परत आले, आणि कचेरीतला नकाशा काढून बघितला तर तो तुकडा त्यांच्याच हाताने रंगवलेला होता. वांबुई शेवटची आली ती ओंजळभर काळा वाल घेऊन. तिने आईच्या ओच्यात वाल टाकला, काकूंच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली. कुठे गेली ते कळलं नाही.

"बाबा मरेपर्यंत एकच बोलायचे," काकू म्हणाल्या. "माझी रेघ सरळ होती गो, रंग कुठे बाहेर गेला नाय. फक्त मी कोणाला विचारलं नाय, इथं काय होतं म्हणून." मग त्यांनी माझ्या नकाशाची गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. "तुझी पण रेघ सरळ हाय. उद्या सकाळी सड्यावर ये. येताना टेप आणू नको."

मला राग आला होता, हे कबूल करतो. कुठे केनिया, कुठे आमचा सडा! इथे कोण गोरा साहेब बसला होता? पण चहा न मिळाल्याची बोच रागापेक्षा मोठी होती, म्हणून गेलो. गणपती होऊन गेले होते. पाऊस ओसरत आला होता आणि सड्यावर जांभळी, पिवळी बारीक फुलं दाटली होती. काकू तेव्हा सत्तरीला टेकलेल्या, हातात काठी, पण माझ्या पुढे. वर धाकू आपली गुरं घेऊन बसला होता. धाकूच्या घरातली तीन पिढ्यांची गुरं त्याच सड्यावर चरलेली. काकू त्याच्या शेजारी कातळावर बसल्या आणि विचारलं, "धाकू, ह्या भाऊला सांग, इथं काय हाय?"

धाकू हसला. त्याला वाटलं आमची चेष्टा चाललीय. "काय नाय ते इचारा," म्हणाला, आणि उठून चालायला लागला. ह्या खोलगट जाग्यात गुरांना शिमग्यापर्यंत पाणी. ह्या पट्टीत माती बोटभर, तिथं तीन वर्षांतून एकदा नाचणी, मग गप ठेवायची. हे गवत दिवाळीला कापायचं, वाडीतल्या निम्म्या गोठ्यांना पुरतं. तिकडच्या कातळावर बायका सांडगे वाळवतात. मी खिशातून वही काढली, कारण माझ्या लक्षात राहीना. शेवटी तो मधल्या मोठ्या डबक्यापाशी थांबला. डबक्याच्या एका कडेला कातळात भोक होतं आणि पाणी गोल फिरत आत उतरत होतं. "ह्या आपल्या हिरीत जाता," धाकू म्हणाला.

मी म्हणालो, कशावरून? विहीर खाली पाऊण मैलावर. वाडीतली पंचवीस घरं त्या एका विहिरीवर आणि ती वैशाखातही आटत नाही, हा आमचा मोठा अभिमान. पण ती का आटत नाही, असा प्रश्न माझ्यासकट कोणाला पडला नव्हता. आणि नकाशाप्रमाणे पहिला डंपर नेमका ह्याच डबक्यात रिकामा होणार होता. धाकू म्हणाला, "माज्या बापसान एकदा तूस टाकलान हुता भोकात. हिरीत आला." काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली. संध्याकाळी धाकूने दोन डालगी भाताचं तूस डोक्यावरून वर नेलं आणि भोकात सोडलं.

पहिल्या दिवशी विहिरीत काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. मी जरा ताठ मानेने वावरायला लागलो. काकूंच्या पडवीसमोरून जाताना मुद्दाम खाकरलो सुद्धा. तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरून असा काही आरडाओरडा ऐकू आला की अर्धी वाडी धावली. सरपंचांच्या बायकोने पहिली कळशी ओढली होती आणि कळशीवर तुसाचा थर. "कोण्या मेल्यान हिरीत तूस टाकलान?" ती विचारत होती. धाकू गुरं सोडून तिथेच उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "मी टाकलंय वयनी. पण हिरीत नाय, सड्यावर." सरपंच दात घासायचे थांबले, तोंडात ब्रश तसाच. त्यांनी एकदा कळशीकडे बघितलं, एकदा वर सड्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी विहिरीत उडी घ्यावी असं मला वाटलं, पण पाण्यात तूस होतं.

पुढचे तीन रविवार मी सड्यावर काढले, टेपशिवाय. धाकू, गवत कापणारे, सांडगेवाल्या बायका, ज्याला त्याला विचारत फिरलो. ग्रामसभेत नवा नकाशा भिंतीला लावला तेव्हा त्यावर इतकी बारीक अक्षरं होती की सरपंचांना खुर्चीवरून उठून जवळ यावं लागलं. त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "भाऊ, ह्यात रिकामी जागा कुठे दाखवलीय?" मी म्हणालो, "शोधली. सापडली नाही." सभेत हशा झाला आणि सरपंचही हसले, कारण पाणी त्यांच्याही घरात त्याच विहिरीचं होतं. बाग शेवटी झाली, पण खालच्या उतारावर, ज्यांची जमीन त्यांना विचारून. सड्यावर डंपर चढला नाही. ह्या गोष्टीचा मला जितका आनंद झाला तितका नोकरीत बढतीचाही झाला नव्हता.

सभा सुटल्यावर काकूंकडे गेलो तर त्या पडवीत माझीच वाट बघत होत्या. चहा दिला, तोही आलं घालून, आणि शेजारी ती पत्र्याची पेटी ठेवली. "ने. तू वापर," म्हणाल्या. मी म्हणालो, "काकू, पिवळा संपलाय ह्यातला." त्या पदराने डोळे पुसत हसल्या. "म्हणून तर देत्ये."

काकू गेल्या त्याला आता चार वर्षं झाली. नव्वदीच्या आसपास होत्या. शेवटपर्यंत मला रोज सकाळी गडग्यावरून हाक मारून विचारायच्या, "काय रे मोजण्या, कोणाला विचारलंस का आज काही?" आजही सकाळी मी दात घासत गडग्यापाशी जाऊन उभा राहतो आणि मग आठवतं. फार चुकल्यासारखं होतं. सड्याच्या त्या नकाशानंतर मोजणीला जिथे जिथे गेलो तिथे टेप बाहेर काढण्याआधी मी बांधावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी बसायचो आणि विचारायचो, इथं काय होतं? साहेब लोक वैतागायचे. माझी मोजणी सगळ्यांत उशिरा व्हायची आणि तिच्यावर तक्रार सगळ्यांत कमी यायची.

गेल्या महिन्यात काकांचा पुतण्या मुंबईहून आला. चांगला मुलगा आहे, नम्र आहे, बरोबर पेढे घेऊन आला. काकूंचं घर दुरुस्त करून सुट्टीत राहायला यायचं त्याच्या मनात आहे. आमच्या पडवीत बसून तो म्हणाला, "भाऊकाका, एवढं मोजून द्या. घराचं ठीक आहे, पण मागचं परसू नुसतं रिकामंच पडलंय, तिथे फरशी घालून गाड्या लावायची सोय करू म्हणतो." आमची ही चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात आली होती. मी तिला हाताने थांबवलं. तिला एका क्षणात कळलं. ती ट्रे घेऊन जशी आली तशी आत गेली. बिचारा मुलगा माझ्याकडे आणि दाराकडे आळीपाळीने बघत राहिला.

मी त्याला परसात नेलं. चार वर्षांत तिथे कोणी काही पेरलेलं नाही. तरी गवतातून आपोआप पडलेल्या दाण्यांचे वेल जुन्या मांडवावर चढले होते. फुलं झडून शेंगा धरल्या होत्या. एक वाळलेली शेंग तोडून मी त्याच्या तळहातावर फोडली. काळे दाणे, कडेला पांढरी रेघ. त्याने ते बोटाने उलटेपालटे करून बघितले. मग त्याने मूठ मिटली, परसावरून एक नजर फिरवली आणि मी काही सांगण्याआधी त्यानेच विचारलं, "काका, इथं आधी काय काय होतं?"

मी गडग्यावरून वाकून हिला हाक मारली आणि चहा पुन्हा चढवायला सांगितलं.